महाधमनीचे माप

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला नळीचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. नळीचे माप चुकले तर जोड गळतो. जोड घट्ट केला पण वळण जास्त आवळले तर नळी दुमडते. नळी चांगली आहे, जोडही चांगला आहे, पण ज्या तोंडावर ती बसवायची ते तोंडच झिजलेले असेल, तर काही दिवसांनी नळी सुटून येते. शॉपफ्लोअरवर चार महिने काढलेला पोरगाही हे सांगेल. आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो या तीन वाक्यांत आला. फरक एवढाच, की ही नळी माणसाच्या पोटातली आहे, तिच्यात पाणी किंवा तेल नाही, रक्त आहे, आणि दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवण्याची सोय नाही.

हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला शाळेच्या पुस्तकांत महाधमनी म्हणतात, विश्वकोशात महारोहिणी. मला शब्दांचा नाद, म्हणून थोडे विषयांतर करतो. ‘धमनी’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला फुंकण्याचा धातू आहे, लोहाराच्या भात्याशी नाते सांगणारा. युरोपातले प्राचीन वैद्यही या नळ्यांतून हवा वाहते असेच समजत, कारण मृत शरीरात त्या रिकाम्या दिसत. हृदय हा भाता आणि धमनी ही त्याची नळी, ही कल्पना शास्त्र म्हणून चुकीची ठरली. पण दाबाने पुढे ढकलणारे यंत्र म्हणून पाहिले तर फारशी चुकलेली नव्हती.

ही महाधमनी छातीत कमान घेते, मणक्याला लागून पोटात उतरते, मूत्रपिंडांना फांद्या देते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन भाग होतात, एकेका पायाकडे एकेक. पोटात तिचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर असतो. वयाने, विडी-सिगारेटने, रक्तदाबाने किंवा घराण्यात चालत आलेल्या दुबळेपणाने तिची भिंत सैल पडली, की ती एखाद्या ठिकाणी फुगू लागते. डॉक्टर त्याला ‘अॅन्युरिझम’ म्हणतात. आपण फुगा म्हणू. पोटात व्यास तीन सेंटिमीटर झाला की फुगा धरतात. पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटरच्या आसपास दुरुस्तीचा विचार सुरू होतो.

आकार वाढला की धोका का वाढतो, याचे उत्तर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. आतला दाब तोच राहिला, तरी नळीची त्रिज्या जितकी मोठी तितका भिंतीवरचा ताण मोठा. दोन सेंटिमीटरची नळी साडेपाच झाली, तर ताण पावणेतीन पटींच्या घरात जातो. आणि भिंत तर आधीच पातळ झालेली. म्हणजे फुगा जितका फुगेल तितका अधिक फुगायला तयार होतो. बहुधा तो दुखत नाही, जाणवत नाही. फुटला तर मात्र बहुतेक रोगी दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

माणसाने या फुग्याशी दोन हजार वर्षे झुंज घेतली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला ग्रीक शल्यवैद्य अँटिलस हातापायांतल्या फुग्याच्या वर आणि खाली नस बांधून फुगा रिकामा करी. इसवी सन १००० च्या आसपास स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अल-झहरावी हा मोठा शल्यवैद्य होऊन गेला. काख, जांघ आणि मान इथल्या मोठ्या फुग्यांना सुरी लावू नका, असा सल्ला त्याने आपल्या ग्रंथात दिला. हात कुठे थांबवायचा हे सांगणेही वैद्यकच असते. १७८५ मध्ये लंडनच्या जॉन हंटरने एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागचा फुगा न उघडता त्याच्या वरच्या बाजूला, मांडीत, नस बांधली. आजूबाजूच्या बारीक नसांनी पाय जगवला आणि माणूस वर्षभराहून अधिक जगला. हंटरचा शिष्य अॅस्टली कूपर याने १८१७ मध्ये थेट पोटातली महाधमनी बांधण्याचे धाडस केले. रोगी दोन दिवसांच्या आत गेला. पायाची नस बांधली तर शरीर दुसरी वाट काढते. राजरस्ता बांधला तर काढत नाही. पोटातली महाधमनी यशस्वीपणे बांधायला १९२३ साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ मतास यांनी ते केले.

इथे आपल्या पिंपरीचा एक धागा येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत छातीतल्या महाधमनीच्या फुग्याचे मोठे कारण होते उपदंश, म्हणजे गरमी. वर्षानुवर्षे अंगात राहिलेला हा रोग महाधमनीची भिंत पोखरी. पेनिसिलिन आले आणि हे कारण मागे पडत गेले. सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती, आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या गावाच्या उद्योगाचा इतिहास आपण गाड्यांपासून सुरू करतो. त्याआधी इथे औषध होते. त्या औषधाने किती महाधमन्या फुगायच्या वाचवल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही, करताही येणार नाही. न झालेल्या रोगाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

गरमी मागे पडली तसा दुसरा फुगा पुढे आला: पोटातला, मूत्रपिंडांच्या खालचा, उतारवयातला, धूम्रपानाशी घट्ट नाते असलेला. आल्बर्ट आइनस्टाइन यांना तोच होता. १९४८ मध्ये रुडॉल्फ निस्सेन यांनी शस्त्रक्रिया करून त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळले. मिठाईच्या डब्यावर गुंडाळतात तसला तो पारदर्शक कागद. त्याने भोवतालचे मांस चिडून घट्ट कवच धरावे, ही कल्पना. सात वर्षे निघाली. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटू लागला तेव्हा आइनस्टाइन यांनी नवी शस्त्रक्रिया नाकारली आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टनमध्ये त्यांचा अंत झाला. विश्वाच्या वक्रतेचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीरातली एक वक्रता घेऊन गेली.

तोवर दुसरीकडे कापडाचा अध्याय सुरू झाला होता. त्याची पूर्वतयारी फ्रान्समधल्या लियों या रेशमाच्या शहरात झाली. तिथल्या अलेक्सी कारेल यांनी भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई चालवायला शिकून नसा शिवण्याची पद्धत बसवली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्युबॉस्त यांनी पोटातला फुगा कापून काढला आणि तिथे मृत तरुणीच्या महाधमनीचा तुकडा शिवला. पण मृतांच्या नसा पुरेशा मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी काही वर्षांनी त्याही कडक होतात, फुगतात. न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हुरहीस या तरुण डॉक्टरला दिसले, की कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी टाक्यावर शरीराने आपणहून चकचकीत अस्तर चढवले आहे. त्याने रेशमी रुमालाची नळी शिवून पाहिली, मग विन्यॉन-एन या कृत्रिम कापडाची. १९५२ मध्ये त्यावरचा लेख आला. ह्यूस्टनचे मायकेल डेबेकी सांगत, की ते नायलॉन घ्यायला दुकानात गेले, नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याची नळी शिवली. त्यांचे आईवडील लेबनॉनमधून आलेले. शिवण त्यांना आईने शिकवली होती.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. हाच धागा इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये तयार झाला तेव्हा त्याला टेरिलीन हे नाव पडले. आपल्याकडे टेरिलीनचा शर्ट म्हणजे एके काळी पहिल्या पगाराची, लग्नाच्या खरेदीची खूण होती. धुवा, झटका, घाला. इस्त्री नको, आणि वर्षानुवर्षे फाटत नाही. हाच गुण पोटात कामाला आला. कबीर विणकर होता, आणि देहाला वस्त्र म्हणण्याची आपल्या संतांची आणि सूफींची जुनी रीत आहे. विसाव्या शतकात ती उपमा उरली नाही, शब्दशः खरी झाली.

मात्र कापडाची सरळ नळी वाकवली की तिला चुणी पडते आणि रक्त अडते. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत स्टर्लिंग एडवर्ड्स आणि जेम्स टॅप यांनी नळीला आडव्या बारीक चुण्या पाडल्या. पेटीच्या भात्याला असतात, किंवा गाडीच्या लवचीक होजला असतात, तशा. आता ती वाकली तरी दुमडेना. या साऱ्या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा येणारा धडा इथे पहिल्यांदा दिसतो: कापड किती मजबूत आहे याइतकेच, त्याचा आकार काय आहे हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रातही महाधमनीचा अभ्यास जुना आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्र. कु. सेन यांचे नाव १६ फेब्रुवारी १९६८ च्या हृदयप्रत्यारोपणासाठी निघते. महाधमनीवरचे त्यांचे काम त्याहून कमी बोलले जाते. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर या चौघांनी १०१ रोग्यांच्या अभ्यासावर १९७२ मध्ये मुंबईत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विषय होता महाधमनीच्या भिंतीला सूज आणणारा, तरुण वयात, विशेषतः तरुण स्त्रियांना गाठणारा विकार. यात महाधमनी कुठे अरुंद होते तर कुठे फुगते. युरोप-अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकातला रोगी म्हणजे सत्तरीतला, सिगारेट ओढणारा पुरुष. परळच्या वॉर्डात दिसणारा रोगी अनेकदा वेगळा होता, त्याच्या नसेचा आकार वेगळा होता. हे निरीक्षण पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हवे.

पोट उघडून कापड शिवण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे आणि आजही होते. पण ती भारी आहे. महाधमनीला काही काळ चिमटा लावून प्रवाह थांबवावा लागतो. ज्याचे हृदय किंवा फुप्फुस कमकुवत, त्याला ती झेपत नाही. आणि हा रोग तर अशाच माणसांना होतो. तेव्हा प्रश्न आला: पोट न उघडता, जांघेतल्या नसेतून, नळीतूनच आतली नळी नेता येईल का?

पहिले उत्तर दिले युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरातल्या निकोलाय व्होलोदोस यांनी. खारकीव्ह हे ट्रॅक्टरचे, कारखान्यांचे शहर. १९८७ मध्ये त्यांनी छातीतल्या महाधमनीच्या जखमेतून झालेल्या फुग्यात नागमोडी तारेच्या स्प्रिंगवर बसवलेले कापड आतूनच बसवले. त्यांचा लेख १९८८ मध्ये रशियन भाषेत छापला गेला आणि पाश्चात्त्य जगाला त्याची दखल घ्यायला फार वर्षे लागली. छोट्या भाषेत लिहिणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

दुसरे उत्तर आले अर्जेंटिनातून. ब्युनॉस आयर्सचे हुआन पारोदी यांना ही कल्पना १९७६ पासून छळत होती. त्यांना जोड मिळाली अर्जेंटिनातच जन्मलेल्या हुलिओ पाल्माझ यांची. पाल्माझ यांनी धातूची अशी जाळीदार नळी बनवली होती, जी आतल्या फुग्याने फुगवली की उघडते आणि तशीच राहते. गवंड्याने त्यांच्या गॅरेजमध्ये टाकलेला प्लास्टरच्या जाळीचा तुकडा पाहून त्यांना ती सुचली होती. ही एक्स्पांडेड मेटलची जाळी आपल्याकडे कुठल्याही शेडच्या खिडकीला दिसेल. सप्टेंबर १९९० मध्ये पारोदींनी जुनाट फुप्फुसविकार असलेल्या, मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रोग्यावर प्रयोग केला. पातळ डेक्रॉनची नळी, वरच्या टोकाला पाल्माझची जाळी, जांघेतून प्रवेश. १९९१ मध्ये पाच रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शल्यवैद्यांची झोप उडाली.

आकाराचा पहिला धडा लगेच मिळाला. सुरुवातीच्या नळीला फक्त वरच्या टोकाला जाळी होती; खालचे टोक रक्ताच्या प्रवाहाने आपोआप चिकटून राहील असे गृहीत होते. तसे झाले नाही. खालून रक्त उलटे फिरून फुग्यात शिरू लागले. दोन्ही टोके बांधली पाहिजेत, हे ठरले. पण खालच्या टोकाला सरळ जागा मिळते किती जणांत? बहुतेकांत फुगा थेट दुभाजणीपर्यंत जातो. म्हणून सरळ नळीची विजार झाली. १९९३ च्या सुमारास टिमोथी च्युटर यांनी दोन पायांच्या नळीचे काम पुढे नेले. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत धड आणि एक लांब पाय एका जांघेतून जातो, दुसरा आखूड राहतो, आणि दुसऱ्या जांघेतून उरलेला पाय आणून त्यात खोचतात. आंधळेपणाने विजारीत पाय घालण्याचा हा प्रकार, फक्त क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून.

जाळीचा धातूही बदलला. निटिनॉल नावाचा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला होता. तो थंड असताना दाबून बारीक करता येतो आणि शरीराच्या उबेत आपला मूळ आकार आठवून उघडतो. आकार आठवणारा धातू! कवीला हेवा वाटावा.

आता खरा प्रश्न. नळी टाके घालून शिवलेली नाही. ती दाबाने धरून बसली आहे. मग ती कशाच्या आधारावर टिकते? फुग्याच्या वर आणि मूत्रपिंडांच्या फांद्यांच्या खाली जो निरोगी भाग उरतो, त्याला डॉक्टर ‘मान’ म्हणतात. सारा भार या मानेवर. बऱ्याच नळ्यांच्या सूचनापत्रकांत मान किमान १५ मिलिमीटर, काहींत १० मिलिमीटर लांब हवी आणि वळण साधारण ६० अंशांहून कमी हवे असे असते. नळी मानेच्या व्यासापेक्षा १० ते २० टक्के मोठी घेतात. २० मिलिमीटरच्या मानेला २२ ते २४ ची. कारखान्यात ज्याला प्रेस-फिट म्हणतात तोच हा हिशेब. फार लहान घेतली तर गळते. फार मोठी घेतली तर कापडाला चुण्या पडतात आणि चुणीच्या पन्हळीतून रक्त गळते. मान खाली रुंद होत जाणारी, उलट्या गाजरासारखी असेल तर बसवलेली कडी हळूहळू खाली सरकते. मानेला आतून रक्ताच्या गुठळीचा लेप असेल तर ओल्या भिंतीवर खिळा मारल्यासारखे. आणि चुन्याने कडक झाली असेल तर नळी गोल उघडतच नाही.

वळणाचे गणित याहून मजेदार आहे. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात येते, हे आपल्याला माहीत आहे. मोठी जलवाहिनी जिथे वळते तिथे अभियंते काँक्रीटचा भक्कम ठोकळा घालतात. का? कारण दाबाखालचे पाणी वळणाला बाहेरच्या बाजूला ढकलते. ठोकळा नसेल तर जोड उखडतो. महाधमनीतही तेच. २४ मिलिमीटर व्यासाची नळी आणि आत पाऱ्याचा १२० मिलिमीटर दाब धरा. नळी ३० अंशांत वळली तर बाहेर ढकलणारा जोर सुमारे ३८० ग्रॅम वजनाइतका होतो. ६० अंशांत सुमारे ७४० ग्रॅम. काटकोनात एक किलोच्या किंचित वर. व्यास २४ चा ३२ केला तर जोर पावणेदोन पट. हा जोर प्रत्येक ठोक्याला कमी-जास्त होतो आणि ठोके दिवसाला लाखभर, दहा वर्षांत छत्तीस कोटींच्या वर. पोटात काँक्रीटचा ठोकळा घालता येत नाही. तिथे मानेची पकड, बारीक आकडे आणि खालच्या दोन पायांचा आधार एवढेच असते.

खालच्या वाटेचाही आकार पाहावा लागतो. म्हातारपणी नसा नदीसारख्या नागमोडी होतात. गुंडाळलेली नळी आत नेणारे उपकरण सहा-आठ मिलिमीटर जाड. नस त्याहून अरुंद किंवा वळणावळणाची असेल तर वाटच मिळत नाही. बसवलेला पाय तीव्र वळणात दुमडला तर त्यात गुठळी होते आणि खरा पाय थंड पडतो. आणखी एक गंमत म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी आकार बदलतोच. फुगा आक्रसतो, तशी आतली नळी वाकते, खोचलेले जोड ओढले जातात. पहिल्या पिढीच्या नळ्यांमध्ये असे जोड सुटल्याचे दिसले. नळी बसवून झाल्यावरही फुग्यात शिरणाऱ्या रक्ताला ‘एंडोलीक’ हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात रूढ केला. टोकाकडून गळणारे, आजूबाजूच्या बारीक नसांतून उलटे येणारे, जोडातून किंवा फाटलेल्या कापडातून येणारे असे त्याचे प्रकार आहेत. गळतीची यादी पाहिली तर कुठल्याही मेंटेनन्स विभागातली वाटावी.

या इतिहासात एक प्रसंग कामगारांच्या वस्तीत आवर्जून सांगावा असा आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या दोन नळ्यांना परवानगी दिली. त्यातली एक होती गायडंट कंपनीच्या उपकंपनीची ‘अँक्युअर’. तिची नळी आत पोचवणारे उपकरण अनेकदा अडकत होते, आणि कंपनी हे प्रकार प्रशासनाला कळवत नव्हती. २००० मध्ये कंपनीतल्याच सात कर्मचाऱ्यांनी प्रशासनाला निनावी पत्र लिहिले. चौकशी झाली. २००३ मध्ये उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरले. न कळवलेल्या प्रकारांत बारा मृत्यू होते. त्या सात जणांची नावे इतिहासात मोठ्या अक्षरांत नाहीत. पण क्वालिटीच्या टेबलावर बसून ‘हा जॉब पुढे जाणार नाही’ म्हणणारा माणूस काय वाचवतो, हे त्यांनी दाखवले.

मग ही पद्धत चांगली की वाईट? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. ब्रिटनमधल्या ‘इव्हार-१’ या चाचणीत, २००४ च्या अहवालानुसार, तीस दिवसांतले मृत्यू पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के, तर आतून नळी घातलेल्यांत १.७ टक्के होते. मोठा फायदा. पण त्याच रोग्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये आला तेव्हा आठ वर्षांनंतर चित्र उलटले होते. नळी घातलेल्यांत मृत्यू जास्त, आणि त्यामागे फुगा पुन्हा फुटणे हे एक कारण. त्याआधी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या १०,२२८ रोग्यांच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नसेच्या आकाराचे सर्वांत कडक निकष लावले तर त्यातल्या फक्त ४२ टक्के रोग्यांची नस त्या नळीला योग्य होती. आणि पाच वर्षांत ४१ टक्के रोग्यांचा फुगा पुन्हा वाढला होता. म्हणजे सूचनापत्रकावर १५ मिलिमीटर आणि ६० अंश लिहिले होते. ते वाचून बाजूला ठेवण्याचा मोह झाला होता. सोपी वाट दिसली की माणूस आकाराकडे डोळेझाक करतो.

फुगाच पॉलिमरच्या पिशव्यांनी भरून टाकावा, म्हणजे गळायला जागाच उरणार नाही, ही ‘नेलिक्स’ची कल्पनाही अशीच मोहक होती. काही वर्षांत पिशव्या सरकू लागल्या आणि २०१९ मध्ये ते उपकरण बाजारातून मागे घेतले गेले. शिवाय माप कुणाचे, हाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नसेच्या आकारावरून आतल्या नळीला योग्य ठरणाऱ्या स्त्रिया ३४ टक्के आणि पुरुष ५४ टक्के निघाले. स्त्रियांच्या नसा बारीक, मान आखूड. कॅटलॉग मात्र मोठ्या अंगाच्या पुरुषाच्या मापाने रचलेले. के. ई. एम. च्या ग्रंथाची आठवण इथे येते. रोगी पाहून नळी बनायला हवी, नळी पाहून रोगी निवडणे ही तात्पुरती सोय आहे.

त्या दिशेने कामही झाले आहे. मान आखूड असेल तर नळी वर न्यावी लागते. मग मूत्रपिंडांच्या फांद्या झाकल्या जातात. म्हणून कापडाला नेमक्या जागी खिडक्या ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मायकेल लॉरेन्स-ब्राउन आणि डेव्हिड हार्टली यांच्या गटाने हे काम पुढे नेले. सीटी स्कॅनवरून नसेच्या मध्यरेषेने मापे घ्यायची, प्रत्येक फांदी किती उंचीवर आणि घड्याळाच्या कोणत्या आकड्याच्या दिशेला आहे ते लिहायचे, आणि त्या ड्रॉइंगवर त्या एकाच माणसासाठी नळी शिवायची. भोसरीतला जॉबवर्क करणारा कारागीर हे ऐकून म्हणेल, यात नवल काय, आम्ही ड्रॉइंगशिवाय हात लावतच नाही! पण अशी नळी यायला आठवडे लागतात आणि ती महाग पडते.

आता हे सारे आपल्या दाराशी आणून ठेवतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन दशकांत सातारा, सोलापूर, बीड, लातूरकडून माणसे इथे आली. त्या पहिल्या पिढीतले जे आहेत ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पाळीच्या सुट्टीत गेटबाहेर विडी-सिगारेट ओढणे हा त्या पिढीच्या दिनक्रमाचा भाग होता. म्हणजे वय आणि धूर, या फुग्याची दोन्ही कारणे एकत्र. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. ६५ ते ७५ वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी एकदा ती करावी, अशी अमेरिकेतही शिफारस आहे. तपासणी साधी आहे, सुई लागत नाही. आपल्या घरातल्या निवृत्त माणसाबद्दल डॉक्टरांना एवढे विचारायला हरकत नाही.

आणि ज्यांच्या पोटात अशी नळी बसली आहे, त्यांच्यासाठी एकच गोष्ट: तपासणी चुकवायची नाही. पोटावर मोठी जखम नसते, चार दिवसांत माणूस घरी येतो, म्हणून विषय संपला असे वाटते. तो संपलेला नसतो. दर वर्षी, आयुष्यभर, नळी सरकली का, फुगा वाढला का हे पाहावे लागते. गावी परत गेलेल्या, फाइल हरवलेल्या, मुलाची कंत्राटी नोकरी बदलल्याने विम्याचे कागद बदललेल्या माणसाकडून हेच सुटते. सोबतच्या पिशवीत रेशनकार्डाइतक्या जपून ठेवाव्यात अशा दोनच वस्तू आहेत: कोणत्या मापाची नळी बसवली त्याचे कार्ड आणि शेवटच्या स्कॅनची तबकडी.

दोन हजार वर्षांच्या या कहाणीत सुरी, सुई, रेशीम, टेरिलीन आणि आकार आठवणारा धातू येऊन गेले. प्रत्येक वेळी वाटले, आता जमले. प्रत्येक वेळी नसेने आपले वळण दाखवून दिले. चांगला शिंपी गिऱ्हाइकाला आधी उभे करतो, पाठ किती वाकली आहे, एक खांदा उतरला आहे का ते पाहतो, आणि मग कात्री हातात घेतो. वैद्यकालाही याहून वेगळे काही करायचे नाही.